मोसमाची शेवटची फेरी मुलुंडमध्येच ठरते

मुलुंडमध्ये राहून मोटारसायकल रेसिंग करणाऱ्या मुलाचं किंवा मुलीचं मैदान घरापासून सुमारे १,३०० किलोमीटर लांब आहे. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू करत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ श्रीपेरुंबुदूरवरून चेन्नईत पोचतो. त्याच वाटेवर इरुंगट्टुकोट्टई इथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ३.७१७ किलोमीटर लांबीचा, १२ वळणांचा ट्रॅक आहे. १९९० मध्ये सुरू झालेला हा ट्रॅक म्हणजे आपल्याकडच्या राष्ट्रीय मोटारसायकल रेसिंगचं घर. कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट हे आणखी दोन पर्याय. मुंबईत असा एकही ट्रॅक नाही.

राष्ट्रीय स्पर्धेचा मोसम साधारणपणे पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होतो आणि दिवाळीच्या आगेमागे संपतो. त्यात ट्रॅकवर मिळतात ते मोजके शनिवार-रविवार. उरलेले सगळे दिवस कॉलेज, नोकरी, लोकल, जिम, गॅरेज यांतच जातात. म्हणून मुंबईच्या रेसरसाठी मोसमाची शेवटची फेरी चेन्नईला होत असली, तरी ती बरीचशी मुलुंडमध्येच ठरते. मुंबईचा रहीश खत्री आणि पुण्याचा सार्थक चव्हाण होंडाच्या टॅलेंट कपमधून पुढे आले ते याच अंतरावर मात करून.

शेवटच्या फेरीआधीच्या पाच-सहा आठवड्यांसाठी एक सूत्र धरून ठेवा. या काळात नवा वेग शोधायचा नाही. मोसमभर जो वेग कमावलाय, तो अखंड शरीर, ओळखीची गाडी आणि शांत डोकं यांच्यासह ग्रिडपर्यंत न्यायचा. पुढे सांगितलेल्या सगळ्या गोष्टी त्यासाठीच आहेत.

आधी गुणांचा हिशोब कागदावर मांडा

‘जिंकायचंच’ म्हणून शेवटच्या फेरीला जाणारे बरेच असतात. नेमकं काय लागतं, हे थोड्यांनाच माहीत असतं. आपल्या क्लासची नियमावली उघडा, गुणांचा तक्ता बघा आणि कागद-पेन घेऊन बसा. मोटोजीपीत पहिल्या पाच जणांना २५, २०, १६, १३ आणि ११ गुण मिळतात. तसा तक्ता धरून एक उदाहरण पाहू.

शेवटच्या फेरीत दोन शर्यती आहेत आणि तुम्ही १२ गुणांनी पुढे आहात. प्रतिस्पर्ध्याने दोन्ही जिंकल्या तर त्याला ५० गुण. तुम्ही दोन्हींत दुसरे आलात तर ४०. म्हणजे एकही शर्यत न जिंकता तुम्ही दोन गुणांनी चॅम्पियन. पण एका शर्यतीत दुसरे आणि दुसरीत तिसरे आलात तर तुमचे ३६ होतात आणि विजेतेपद दोन गुणांनी हातचं जातं. हे गणित आधी माहीत असेल, तर शेवटच्या लॅपमध्ये पहिल्यावर झेप घ्यायची की दुसरा क्रमांक राखायचा, हा प्रश्न हेल्मेटमध्ये बसून सोडवावा लागत नाही.

याची मोठी साक्ष २००६ च्या मोटोजीपी मोसमात आहे. व्हॅलेन्सियाच्या शेवटच्या शर्यतीआधी व्हॅलेंटिनो रॉसी आठ गुणांनी पुढे होता. सुरुवातीच्याच लॅप्समध्ये तो घसरला आणि उठून तेरावा आला. निकी हेडन तिसरा आला. त्याला शर्यत जिंकायची गरजच नव्हती. २५२ विरुद्ध २४७ अशा फरकाने तो जगज्जेता झाला.

विजेतेपदाच्या शर्यतीत नसाल, तरी एक लक्ष्य ठरवा. क्लासमधला क्रमांक एकाने वर नेणं, स्वतःचा सर्वोत्तम लॅप मोडणं, दोन्ही शर्यती न पडता पूर्ण करणं, यांतलं काहीही चालेल. मात्र लक्ष्य असं हवं, की शर्यत संपल्यावर ते साधलं की नाही, हे हो-नाहीत सांगता येईल.

शरीर: कमी, पण धारदार

शेवटच्या दोन आठवड्यांत जिममध्ये नवे विक्रम करायला जाऊ नका. तोपर्यंत जी ताकद आली, तीच आता उपयोगी पडणार. या काळात व्यायामाचं प्रमाण हळूहळू निम्म्यावर आणायचं, पण जे करायचं ते पूर्ण जोमाने करायचं. जड वजनांचे तीन सेट असतील तर दीड-दोन करा. लांब पळण्याऐवजी छोट्या, वेगवान फेऱ्या घ्या. थकवा उतरतो आणि धार टिकते.

रेसरला शेवटच्या लॅप्समध्ये छळतं ते हातांचं जड होणं. आर्म पंप म्हणतात तो हाच. दंडाखालचे स्नायू सुजतात, भोवतालचं आवरण ताणलं जात नाही आणि बोटांतली पकड सुटू लागते. पुष्कळदा याचं मूळ हातात नसतं. पाय आणि पोट कमी पडतात, म्हणून शरीराचं ओझं हँडलवर येतं. टाकी गुडघ्यांनी घट्ट धरता यावी म्हणून मांड्यांच्या आतल्या स्नायूंचा व्यायाम, प्लँक आणि मानेचे व्यायाम शेवटपर्यंत चालू ठेवा. सरळ रस्ता आला की मुद्दाम श्वास सोडायची आणि बोटं सैल करायची सवय लावून घ्या. प्रियदर्शनी क्रीडासंकुलाच्या तलावात पोहणं हा मुलुंडकरांचा फायदा आहे. सांध्यांना मार न देता दम वाढतो, म्हणून शर्यतीच्या आदल्या आठवड्यात पळण्यापेक्षा पोहणं बरं.

ऑक्टोबरच्या उकाड्याला कंटाळू नका, तो वापरा. चेन्नईची हवा गरम आणि दमट असते, वरून अंगावर चामड्याचा सूट. शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मुंबईत राहून ती फुकट होते, फक्त सगळा व्यायाम एसीत करू नका. व्यायामाआधी आणि नंतर वजन करा. जेवढे किलो कमी झाले, त्याच्या साधारण दीडपट लिटर पेय पुढच्या काही तासांत पोटात गेलं पाहिजे. साधं पाणी, मीठ घातलेलं ताक, नारळपाणी, ओआरएस, सगळं चालतं.

हा मोसम नवरात्र आणि दिवाळीतून जातो, म्हणजे वजन वाढण्याचा काळ. १६५ सीसीच्या गाडीवर दोन-तीन किलोंचा फरकही सरळ रस्त्यावर जाणवतो. घरच्यांना आधीच सांगून ठेवा: फराळाचा एक डबा शेवटच्या फेरीनंतरसाठी राखून ठेवा. कोणी रागावणार नाही.

दुखणं लपवू नका, परतण्याची घाई करू नका

शेवटची फेरी जवळ आली की अर्ध्या बऱ्या झालेल्या हाडाला पूर्ण बरं म्हणायचा मोह होतो. १९ जुलै २०२० रोजी हेरेझच्या शर्यतीत मोटोजीपीचा जगज्जेता मार्क मार्केझ याचा उजवा दंड मोडला. २१ जुलैला शस्त्रक्रिया झाली आणि २५ जुलैला तो पुन्हा गाडीवर बसला. ते झेपलं नाही, त्याने माघार घेतली. ऑगस्टच्या सुरुवातीला प्लेटच निकामी होऊन दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर आणखी दोन शस्त्रक्रिया झाल्या. पुढचं विजेतेपद मिळायला त्याला २०२५ उजाडावं लागलं. जगातले उत्तम डॉक्टर ज्याच्या हाताशी होते, त्याची ही गत झाली.

आपल्याकडे सर्रास मोडतं ते गळपट्टीचं हाड. मोठ्या माणसात ते भरून यायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. दुखणं थांबलं म्हणजे हाड जुळलं असं नाही. एक्स-रे आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांची स्पष्ट परवानगी, दोन्ही असल्याशिवाय सूट चढवायचा नाही.

डोक्याला मार लागला असेल तर नियम आणखी कडक. पडल्यावर शुद्ध गेली नाही, तरी मेंदूला धक्का बसलेला असू शकतो. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झापड येणं, बोलताना अडखळणं, हातापायात कमजोरी यांपैकी काहीही दिसलं तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. एरवीही पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग हलकी हालचाल, मग टप्प्याटप्प्याने व्यायाम आणि डॉक्टरांच्या परवानगीनंतरच ट्रॅक. आणि आपटलेलं हेल्मेट टाकून द्या. आतला फोम एकदाच दबतो आणि पुन्हा फुगत नाही, त्यामुळे बाहेरून चकचकीत दिसणारं हेल्मेट दुसऱ्या वेळी वाचवेलच असं नाही.

दुखण्यावरच्या औषधांबद्दलही जपा. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहे. सांध्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शनही स्पर्धेच्या काळात चालत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांतल्या स्यूडोएफेड्रिनला मर्यादा आहे. औषध लिहून घेतानाच डॉक्टरांना सांगा की मी खेळाडू आहे आणि माझी उत्तेजक चाचणी होऊ शकते. ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर तिथे चालत नाही.

गाडी: ओळखीचीच राहू द्या

वन-मेक, म्हणजे सगळ्यांना एकसारखी गाडी असलेल्या स्पर्धेत गाडी कंपनीच देते, तुमच्यासोबत फक्त सूट, हेल्मेट, ग्लोव्ह्ज आणि बूट जातात. स्वतःची गाडी असेल तर शेवटच्या फेरीआधी मोठे बदल करू नका. नवं सस्पेन्शन, नवी हँडल पोझिशन, नवा मेकॅनिक, हे सगळं पुढच्या मोसमासाठी ठेवा. आता फक्त झिजलेलं बदलायचं.

ब्रेक ऑइल नक्की बदला. ते हवेतला ओलावा शोषतं आणि मुंबईच्या पावसाळ्यात तो भरपूर असतो. ताज्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषलेल्या ऑइलचा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. सलग जोरदार ब्रेकिंगनंतर लिव्हर आत जायला लागतो, तो बहुधा यामुळेच. सोबत ब्रेक पॅड, चेनचा ताण, स्प्रॉकेटचे दात, व्हील बेअरिंग आणि केबल्स तपासा. नट-बोल्टवर रंगाची रेघ मारून ठेवली, तर सैल झालेला बोल्ट चालताचालता दिसतो.

पडल्यावर लागणाऱ्या वस्तूंची वेगळी पेटी करा: क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, फूटपेग, गिअर लिव्हर, ब्रेक पेडल, क्लिप-ऑन, केबल, झिप टाय, टेप. फूटपेग किंवा ब्रॅकेट बनवून घ्यायचं असेल तर चेकनाक्यापलीकडे वागळे इस्टेटमध्ये लेथवाले आणि वेल्डिंगवाले आहेत. पण काम शेवटच्या दिवसावर टाकू नका, कारण शर्यतीआधीच्या तांत्रिक तपासणीत (स्क्रुटिनीत) अडलेली गाडी रात्रीत दुरुस्त करणं परक्या गावात फार अवघड जातं. गाडी रेल्वेने पाठवणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, ते घरीच करून ठेवा.

मुंबईचा पाऊस संपतो, चेन्नईचा सुरू होतो

आपल्या रेसरला एका मोसमात दोन पावसाळे भेटतात. मुंबईतून मान्सून साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो आणि तमिळनाडूत ईशान्य मान्सून ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो. त्यामुळे शेवटची फेरी ओल्या ट्रॅकवर होण्याची शक्यता धरूनच निघा.

ओल्यात जिंकतो तो हळुवार हातांचा रायडर. ब्रेक थोडा आधी आणि हळूहळू दाबायचा, गाडी कमी झुकवायची, अंग जास्त बाहेर काढायचं, थ्रॉटल एकदम उघडायचा नाही. पांढऱ्या पट्ट्या आणि रंगवलेले कर्ब टाळायचे. कोरड्यातली नेहमीची लाईन रबर आणि तेलाने गुळगुळीत झालेली असते, म्हणून ओल्यात तिच्या थोडं बाहेरून जाऊन पाहावं. सामानात हेल्मेटची स्वच्छ काच, पिनलॉक, सुट्टे ग्लोव्ह्ज, सुटाच्या आतले जादा कपडे आणि बूट भरायला वर्तमानपत्रं घ्या. ओले बूट रात्रीत सुकवायला त्यासारखा उपाय नाही.

सरावासाठी रस्ता वापरू नका

मधल्या आठवड्यांत हात शिवशिवतात. ईस्टर्न एक्सप्रेस हायवे दाराशी आहे, ऐरोली पूल रात्री मोकळा दिसतो, घोडबंदर रोड जवळ आहे. सरावासाठी तिथे एकदाही जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसऱ्यांदा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. पण कायद्याहून मोठी गोष्ट ही, की रस्त्यावर ना मार्शल असतो, ना अँब्युलन्स, ना रन-ऑफची जागा. आणि समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याने शर्यतीला होकार दिलेला नसतो.

घरी बसून करता येणारा सराव वेगळाच आहे आणि तो स्वस्त आहे. आपल्या मागच्या फेरीचं ऑनबोर्ड चित्रीकरण बघा. मग डोळे मिटून, हातात स्टॉपवॉच घेऊन पूर्ण लॅप मनात चालवा: कुठे ब्रेक, कुठला गिअर, कुठे थ्रॉटल. मनातला लॅप आणि खरा लॅप यांत मोठा फरक येत असेल, तर एखाद्या वळणाची तुम्हाला नीट ओळख नाही. बारा वळणांपैकी जे धूसर दिसतं, तिथेच शुक्रवारच्या सरावात लक्ष द्या.

पैसे आणि विमा

शेवटच्या फेरीपर्यंत पैसे संपत आलेले असतात आणि म्हणून टायरवर कंजूषी होते. उलट करा. राहणं साधं ठेवा, प्रवास सोबत्यांबरोबर टेम्पोने करा, पण टायर आणि ब्रेक पॅडचे पैसे आधी बाजूला काढा.

आपली आरोग्य विमा पॉलिसी आजच उघडून वाचा. आपल्याकडच्या आरोग्य विम्यातल्या ठरावीक अपवादांत ‘Excl09’ या क्रमांकाचं कलम असतं. व्यावसायिक म्हणून धोकादायक खेळांत भाग घेतल्याने झालेल्या उपचारांचा खर्च त्यात वगळलेला असतो आणि मोटार रेसिंगचं नाव त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. गाडीचा विमाही शर्यतीतल्या नुकसानीला लागू होत नाही. लायसन्सबरोबर किंवा आयोजकांकडून कोणतं संरक्षण मिळतं, किती रकमेचं, रुग्णालयाचा खर्च त्यात धरलाय का, हे लेखी विचारून घ्या. उपचारासाठी वेगळा निधी असल्याशिवाय ग्रिडवर उभं राहू नये, असं माझं ठाम मत आहे.

स्पॉन्सरला शेवटच्या फेरीनंतर आठवडाभरात एक पान पाठवा: निकाल, फोटो, त्यांचं नाव कुठे दिसलं, पैसे कशावर खर्च झाले. ज्या जिमने फी घेतली नाही, ज्या फिजिओने सवलत दिली, ज्या दुकानदाराने टायर उधार दिला, त्यांनाही हे पान द्या. कंपन्यांचं पुढच्या वर्षाचं खर्चाचं नियोजन मार्चआधी होतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भेटणाऱ्याला जागा मिळते, एप्रिलमध्ये भेटणाऱ्याला सहानुभूती.

घरच्यांनाही तयार करा

आई-बाबा फोनवर शर्यत बघत असतात. पडद्यावर गाडी पडते, कॅमेरा पुढे निघून जातो आणि मग कितीतरी वेळ काहीच कळत नाही. ही वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नका. पिटमधला एक माणूस ठरवून ठेवा, ज्याचं काम पडल्यावर सगळ्यात आधी घरी फोन करणं हेच असेल. घरी एका कागदावर रक्तगट, ॲलर्जी, जुन्या दुखापती, आयोजकांचा आणि त्या माणसाचा नंबर लिहून फ्रिजवर लावा.

पालकांनाही एक विनंती आहे. शर्यतीच्या आदल्या रात्री फोनवर ‘जपून चालव’ म्हणण्याऐवजी ‘जेवलास का, झोप झाली का’ एवढंच विचारा. जपून चालवायचं त्यालाही कळतं. परीक्षा, हजेरी आणि ऑफिसची रजा यांची व्यवस्था महिनाभर आधी लावून दिलीत, तर तुम्ही त्याचा एखादा सेकंद नक्की वाचवलेला असेल.

मोसम संपल्यावर

शर्यत संपते, परतीच्या प्रवासात पुढच्या वर्षाचे बेत सुरू होतात. काही जण चिडून रेसिंग सोडायचं ठरवतात, काही जण कर्ज काढून मोठ्या क्लासमध्ये जायचं. दोन्ही निर्णय तीन आठवडे पुढे ढकला. मोसमानंतर मन रितं होतं, झोप बिघडते, कशात रस वाटत नाही. हे अनेकांना होतं आणि बहुधा ओसरतं. महिना उलटूनही तसंच राहिलं, तर समुपदेशकाकडे जा. फिजिओकडे जाण्याइतकंच ते साधं आहे.

या आठवड्यांत राहिलेली कामं उरका. लांबणीवर टाकलेली शस्त्रक्रिया, प्लेट काढणं, गुडघ्याचा उपचार आताच करा आणि पुढच्या मोसमाच्या पहिल्या फेरीपासून उलटे आठवडे मोजून डॉक्टरांशी वेळ ठरवा. चामड्याचा सूट ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, रुंद हँगरला लावा. मुलुंडच्या दमट हवेत कपाटात कोंबलेल्या सुटावर बुरशी येते आणि शिवण कुजते. गाडीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, कारण त्यातलं इथेनॉल पाणी ओढतं. बॅटरी काढा, गाडी पॅडॉक स्टँडवर ठेवा.

मग वही घेऊन प्रत्येक फेरीचं एक पान लिहा: हवा, टायरचा दाब, गिअरिंग, सर्वोत्तम लॅप, कुठे पडलो आणि का. ट्रॅकवरचे दिवस ज्याच्या वाट्याला कमी येतात, त्याने त्यांतला एकही अनुभव हरवू देता कामा नये.

आणि खरोखरच थांबायचं ठरलं, तर या खेळातून बाहेर पडावं लागत नाही. मार्शल, मेकॅनिक, डेटा बघणारा, नवख्यांचा प्रशिक्षक, समालोचक, सगळ्यांची इथे गरज आहे. मुंबईत ट्रॅक नाही, पण ट्रॅकवरून शिकून आलेला एखादा जाणता माणूस चेकनाक्याच्या अलीकडे राहत असेल, तर पुढच्या मुलाला पहिली दोन वर्षं चाचपडावी लागणार नाहीत. चालवणारे असोत वा थांबणारे, या मोसमात जे शिकलात ते कोणाला तरी शिकवा. मुलुंडमध्ये रेसिंग वाढवायचं ते असंच.